भ्रमणध्वनीतील चालू जोडण्यांची यादी

आपल्या हातातील भ्रमणध्वनी या क्षणी कोणाकोणाशी संधान बांधून आहे, असा प्रश्न एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्याने विचारला, तर तो वरकरणी फार सोपा वाटतो. मेजावरील संगणकापुढे बसून हाच प्रश्न केला असता ‘नेटस्टॅट’ एवढा एकच शब्द टंकित करावा, की क्षणार्धात उत्तर पडद्यावर उमटते. भ्रमणध्वनीतही तोच टीसीपी व तोच आयपी आहे. अँड्रॉइड वर्गातील यंत्रांत तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभाही, लिनक्सचाच आहे. तेव्हा जे तेथे साध्य ते येथेही साध्य असले पाहिजे, असे अनुमान कोणीही करील. २०१९ पर्यंत हे अनुमान बहुतांशी खरे होते. पुढे ते खरे राहिले नाही. ते का राहिले नाही, याचा उलगडा करू जाता जोडणी म्हणजे काय, तिची यादी कितपत विश्वसनीय असते, आणि ती यादी पाहण्याचा अधिकार कोणाचा, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार मुख्यतः अँड्रॉइडला धरून करावयाचे योजिले आहे.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरणे अगत्याचे आहे. ‘जाळ्याशी जोडणी’ हा शब्दप्रयोग दोन अगदी भिन्न अर्थांनी केला जातो. यंत्र वाय-फायशी जोडले आहे की मोबाइल सेवेच्या जाळ्याशी, हा पहिला अर्थ. त्याचे उत्तर अँड्रॉइडमधील ‘कनेक्टिव्हिटी मॅनेजर’ हा वर्ग विनासायास देतो; त्यासाठी लागणारी परवानगीही किरकोळ असून ती वापरणाऱ्यास वेगळी विचारलीदेखील जात नाही. दुसरा अर्थ असा की, या जाळ्यावरून यंत्रातील कोणते अ‍ॅप दूरच्या कोणत्या सर्व्हरशी संभाषण करीत आहे. पहिली जोडणी रस्त्यासारखी आहे, दुसरी त्या रस्त्याने चाललेल्या एकेका गाडीसारखी. आपणांस येथे कर्तव्य आहे ते गाड्यांशी. पुष्कळ नवशिके पहिल्या वर्गाची सारी पाने धुंडाळतात आणि तेथे गाड्यांची नोंद सापडत नाही म्हणून बुचकळ्यात पडतात. ती तेथे असावयाचीच नाही.

टीसीपीची जोडणी चार गोष्टींनी निश्चित होते: आपला पत्ता, आपला पोर्ट, समोरच्याचा पत्ता आणि समोरच्याचा पोर्ट. ही चौकट १९८१ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी ७९३’ या दस्तऐवजात घातली गेली. २०२२ मध्ये ‘आरएफसी ९२९३’ ने त्याची जागा घेतली, परंतु चौकट तीच राहिली. प्रत्येक जोडणी जन्मापासून अंतापर्यंत काही ठरावीक अवस्थांतून जाते. बंद या काल्पनिक अवस्थेसह त्या अकरा होत. कर्नल प्रत्येक जोडणीची ही चौकडी व अवस्था आपल्या स्मृतीत बाळगतो, कारण आलेले पॅकेट कोणत्या प्रक्रियेच्या हवाली करावयाचे, हे त्याला त्यावाचून कळणार नाही. सारांश, यादी मुळात असतेच. ती वाचावयाची कशी, एवढाच प्रश्न. १९८३ मध्ये बर्कलीच्या ‘४.२ बीएसडी’ या युनिक्स आवृत्तीबरोबर नेटस्टॅट अवतरला, तेव्हा तो सरळ कर्नलच्या स्मृतीत डोकावून तेथील रचना उलगडीत असे. हे काम विशेषाधिकारावाचून होणारे नव्हते. लिनक्सने पुढे निराळी सोय केली: ‘/प्रॉक’ या नावाचे एक फाइलींचे झाड. त्यातील फाइली तबकडीवर कोठेच नसतात. कोणी त्या वाचू लागला, की कर्नल त्या क्षणी त्यांचा मजकूर तयार करून देतो. ‘/प्रॉक/नेट/टीसीपी’ ही त्यांतील आपल्या कामाची फाइल, आणि तिच्या जोडीला ‘टीसीपी६’, ‘यूडीपी’ व ‘यूडीपी६’.

या फाइलीतील एका ओळीचा महत्त्वाचा भाग असा दिसतो:

०५०१ए८सी०:सी३५०   ०ए७१००सीबी:०१बीबी   ०१   …   १०१२३   …

(मुळात येथील अक्षरे रोमन असतात. ए पासून एफ पर्यंतची सहा अक्षरे ही षोडशमान पद्धतीतील दहा ते पंधरा या किमतींची चिन्हे होत.) पहिला स्तंभ आपल्या बाजूचा, दुसरा समोरचा, तिसरा अवस्थेचा, मधले रांगांचे, घड्याळांचे व पुनःप्रेषणांचे स्तंभ सोडून दिले, तर १०१२३ हा वापरकर्ता-क्रमांक, आणि त्यानंतर इतर काही आकड्यांबरोबर सॉकेटचा आयनोड क्रमांक. दुसऱ्या स्तंभातील पत्ता वाचू. ०ए, ७१, ००, सीबी या चार बाइटांची दशमान किंमत अनुक्रमे १०, ११३, ०, २०३ अशी येते. परंतु पत्ता १०.११३.०.२०३ नव्हे. तो उलट क्रमाने वाचावयाचा: २०३.०.११३.१० (हा पत्ता लेखनातील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातील आहे). याचे कारण असे की, कर्नल पत्त्याचे चार बाइट जाळ्याच्या क्रमाने स्मृतीत ठेवतो, पण छापताना त्यांस यंत्राची एक बत्तीस-बिटी संख्या समजून छापतो. आणि भ्रमणध्वनीतील प्रोसेसर संख्येचा कनिष्ठ बाइट आधी ठेवणारे असल्यामुळे क्रम उलटतो. पोर्ट मात्र छापण्यापूर्वी सरळ करून घेतलेला असतो. ०१बीबी म्हणजे ४४३, आणि सी३५० म्हणजे ५००००. एकाच ओळीत पत्ता उलटा व पोर्ट सुलटा, ही विसंगती ज्याने एकदा अनुभवली तो ती विसरत नाही. पहिल्या स्तंभातील पत्ता १९२.१६८.१.५ असा निघतो, हे वाचकांनी स्वतः पडताळून पाहावे. अवस्थेचा ०१ हा आकडा प्रस्थापित जोडणीचा; ०६ हा ‘टाइम-वेट’ चा, ०८ हा ‘क्लोज-वेट’ चा, आणि ०ए हा नुसते कान देऊन बसलेल्या सॉकेटचा.

इतके साधले म्हणजे यादी हाती आली, असा समज होतो. तो चुकीचा आहे. ज्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग केला त्यांतील एकाच्या प्रोग्रामने, चालू ब्राउझर समोर असताना, यंत्रात एकही जोडणी नाही असे ठामपणे सांगितले होते! दोष वाचनात नव्हता. तो चुकीची फाइल वाचीत होता. अँड्रॉइडवर जावामधून उघडलेले सॉकेट सामान्यतः आयपीच्या सहाव्या आवृत्तीच्या कुळातील असतात, आणि समोरचा पत्ता चौथ्या आवृत्तीचा असला तरी तो सहाव्या आवृत्तीच्या पेहरावात लपेटला जातो. त्यामुळे अशी जोडणी ‘टीसीपी’ फाइलीत न दिसता ‘टीसीपी६’ मध्ये दिसते, आणि वरचा पत्ता तेथे सोळा शून्ये, मग ‘एफएफएफएफ००००’, आणि मग ‘०ए७१००सीबी’ असा येतो. सहाव्या आवृत्तीचा लांब पत्ता छापतानाही चार-चार बाइटांचा प्रत्येक गट स्वतंत्रपणे उलटा होतो, संपूर्ण पत्ता नव्हे. ही आणखी एक ठेच.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. जोडणी संपल्यानंतर ज्या बाजूने प्रथम ती मिटविली त्या बाजूस ती काही काळ टाइम-वेट अवस्थेत राहते. लिनक्समध्ये हा काळ ६० सेकंदांचा आहे. या अवस्थेत कर्नल मूळ सॉकेट मोडून टाकतो व त्याच्या जागी एक लहानशी नोंद ठेवतो. त्या नोंदीत मालक उरत नाही. फाइलीत वापरकर्ता-क्रमांकाच्या जागी शून्य येते, आणि शून्य हा तर सर्वाधिकारी ‘रूट’ चा क्रमांक! यादी जशीच्या तशी वाचणाऱ्यास असा भास होतो की, रूट हा वापरकर्ता जगभर संभाषणे करीत सुटला आहे. वस्तुतः ती निधन पावलेल्या, बेवारस जोडण्यांची नोंद असते. याउलट क्लोज-वेट अवस्थेतील ओळी साठत गेल्या, तर समोरच्याने निरोप घेतला असूनही आपल्या अ‍ॅपने दार लावलेले नाही, असे खुशाल समजावे. प्रोग्राममधील हा दोष शोधण्यास या यादीइतके सोपे साधन नाही.

तिसरी गोष्ट कालाची. ही यादी म्हणजे छायाचित्र आहे, आणि तेही सर्वस्वी एका क्षणाचे नाही. कर्नल आपल्या कोष्टकाचे कप्पे एकामागून एक चाळीत मजकूर देत जातो. चाळणे चालू असता एखादी जोडणी संपते, एखादी नवी निर्माण होते, आणि ती यादीत येईल की नाही हे कप्प्याच्या पाळीवर अवलंबून राहते. दर पाच सेकंदांनी यादी वाचावयाची ठरविली, तर एक सेकंद टिकणारी जोडणी चालू स्थितीत सापडण्याचा संभव पाचांत एक एवढाच. जी अ‍ॅपे क्षणभर जागी होऊन चार ओळी कोठेतरी पाठवितात व पुन्हा निजतात, नेमकी तीच अशा वाचनातून निसटतात. आणि संशोधकाला बहुधा त्यांचाच शोध असतो.

आता क्रमांकावरून अ‍ॅपकडे कसे जावयाचे, ते पाहू. मेजावरील संगणकात वापरकर्ता-क्रमांक माणसाचा असतो. अँड्रॉइडने हीच यंत्रणा वेगळ्या कामी लावली, आणि ही कल्पना खरोखर प्रशंसनीय आहे: येथे प्रत्येक अ‍ॅप हाच एक स्वतंत्र वापरकर्ता मानला जातो. अ‍ॅपांचे क्रमांक १०००० पासून सुरू होतात, आणि ‘पॅकेज मॅनेजर’ ला क्रमांक विचारला असता तो अ‍ॅपचे नाव सांगतो. यंत्रात एकाहून अधिक वापरकर्ते असल्यास वापरकर्त्याच्या क्रमांकास १००००० ने गुणून त्यात अ‍ॅपचा क्रमांक मिळवितात. म्हणून दहाव्या वापरकर्त्याच्या खात्यातील तेच अ‍ॅप १०१०१२३ असे दिसते. येथेही अपवाद आहेतच. एकाच निर्मात्याची काही जुनी अ‍ॅपे एक क्रमांक वाटून घेतात. आणि प्रणालीच्या एखाद्या सेवेने अ‍ॅपच्या वतीने काही उतरवून घेतले, तर मूळ मागणी कोणाची होती हे या ओळीवरून समजेलच असे नाही. क्रमांकाऐवजी थेट प्रक्रियेपर्यंत पोचावयाचे, तर आयनोड क्रमांक घेऊन प्रत्येक प्रक्रियेच्या उघड्या फाइली तपासाव्या लागतात. ती वाट २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ ने बंद केली. तेव्हापासून साध्या अ‍ॅपला ‘/प्रॉक’ मध्ये इतरांच्या प्रक्रिया दिसतच नाहीत.

तथापि जोडण्यांची यादी त्यानंतरही काही वर्षे उघडी होती. ती वाचण्यास अ‍ॅपला कोणाची परवानगी मागावी लागत नसे. यात वावगे काय, असे कोणी विचारील. यादीत संभाषणाचा मजकूर नसतो. पाकिटावरचा पत्ता तेवढा असतो. या आक्षेपाचे उत्तर दोन अभ्यासांनी दिले, आणि त्यांचा परिचय येथे करून देणे अवश्य आहे.

पहिला अभ्यास २०१२ चा, मिशिगन विद्यापीठातील झियुन चिआन व मॉर्ली माओ यांनी एका सहकाऱ्यासह केलेला. टीसीपीच्या चालू जोडणीत बाहेरच्या माणसास खोटा मजकूर घुसडावयाचा असेल, तर त्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: जोडणीची चौकडी आणि चालू अनुक्रमांक. अनुक्रमांक बत्तीस बिटांचा असल्यामुळे तो अंदाजाने ओळखणे दुष्कर मानले जाई. या संशोधकांनी दाखविले की, भ्रमणध्वनीवर एक निरुपद्रवी दिसणारे, विशेषाधिकार नसलेले अ‍ॅप बसविता आले, तर चौकडी जोडण्यांच्या यादीतूनच मिळते, आणि ‘/प्रॉक’ मधीलच पॅकेटांच्या मोजदादीचे आकडे पाहून बाहेरच्या साथीदाराचा अंदाज वर गेला की खाली, हेही कळते. अशा रीतीने प्रत्येक अंदाजाला हो-नाही असे उत्तर मिळत गेले, की शोधाचे क्षेत्र दर वेळी आकुंचित होते, आणि अनुक्रमांक एका सेकंदाच्या आत हाती येतो. यादी वाचणारा येथे नुसता प्रेक्षक राहिला नाही. तो दुसऱ्याच्या संभाषणात बोलू लागला.

दुसरा अभ्यास २०१३ चा, इंडियाना व इलिनॉय या विद्यापीठांतील संशोधकांचा. त्यांनी एकही परवानगी न मागणारे अ‍ॅप गृहीत धरले, आणि अँड्रॉइड सर्वांस उघडी ठेवीत असलेली माहिती तेवढी वाचली. प्रत्येक अ‍ॅपने किती बाइट पाठविले व किती घेतले, याचे आकडे तेव्हा सर्वांस दिसत. वैद्यकीय माहितीच्या एका अ‍ॅपमध्ये वापरणारा ज्या ज्या पानावर जाई, त्या त्या पानाची ठेवण भिन्न असल्यामुळे आकड्यांतील वाढीचा नमुनाही भिन्न असे. त्यावरून तो कोणत्या व्याधीविषयी वाचीत आहे, हे ओळखता आले. ट्विटरच्या अ‍ॅपमधून संदेश केव्हा गेला, ती वेळ टिपून ती सार्वजनिक संदेशांच्या वेळांशी ताडून पाहिली असता वापरणाऱ्याचे खाते कोणते, हे निश्चित करता आले. ‘/प्रॉक/नेट/एआरपी’ या फाइलीत वाय-फायच्या जवळच्या यंत्राचा क्रमांक असतो. तो नकाशावरील नोंदींशी जुळविला, की माणूस कोठे आहे ते समजे. नाव, गाव आणि रोग, ही तिन्ही माहिती, मजकुराचे एक अक्षरही न वाचता! पाकिटावरच्या पत्त्याला किती किंमत असते, हे यावरून ध्यानी येईल.

२०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने ‘/प्रॉक/नेट’ चे दार अ‍ॅपांना बंद केले. एसई-लिनक्स या पहारेकऱ्याच्या नियमांनी हे साधले आहे. फाइल जागच्या जागी आहे, परंतु अ‍ॅपने ती उघडू पाहिली तर नकार मिळतो. कर्नलला हीच माहिती फाइलीऐवजी संदेशांनी विचारण्याची ‘नेटलिंक’ नावाची दुसरी, अधिक शिस्तशीर सोय आहे. तिच्या ज्या प्रकारातून जोडण्यांची यादी मिळते, तोही साध्या अ‍ॅपांस वर्ज्य आहे. तेव्हा जुन्या पाठ्यपुस्तकांतील व लेखांतील जे प्रोग्राम ही फाइल वाचून दाखवितात, ते आजच्या यंत्रावर चालत नाहीत.

मग उरते काय? अधिकृत उत्तर असे की, ज्या अ‍ॅपला ही माहिती खरोखर हवी असेल त्याने व्हीपीएनचे रूप घ्यावे. ही सोय अँड्रॉइड ४.० पासून, म्हणजे २०११ पासून आहे. अ‍ॅपने मागणी करावी, प्रणालीने मालकास स्पष्ट विचारावे, आणि मालकाने होकार दिला की यंत्रात एक काल्पनिक जाळे-द्वार उभे राहते. सर्व अ‍ॅपांची पॅकेटे त्या द्वारातून या एका अ‍ॅपकडे कच्च्या स्वरूपात, बाइटांच्या ओळीने येऊ लागतात. यापुढे यादी कर्नल देत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती स्वतः घडवावयाची. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पॅकेटच्या दहाव्या बाइटात ६ असेल तर आत टीसीपी आहे, १७ असेल तर यूडीपी. पहिल्या बाइटाच्या उत्तरार्धास चाराने गुणले की शीर्षाची लांबी मिळते, आणि त्यानंतरच्या चार बाइटांत दोन्ही पोर्ट, येथे मात्र सरळ क्रमाने. ‘सिन’ हे निशाण दिसले की यादीत ओळ घालावी. ‘फिन’ ची देवघेव पुरी झाली किंवा ‘रिसेट’ दिसले, की ती काढावी. यूडीपीला आरंभ नाही व अंतही नाही. तेथे काही काळ शांतता झाली की संभाषण संपले, असा संकेत ठरवून घ्यावा लागतो. मालक कोणता, हे विचारण्यासाठी अँड्रॉइड १० मध्येच ‘गेट कनेक्शन ओनर यूआयडी’ ही नवी क्रिया देण्यात आली: तिला प्रोटोकॉल व दोन्ही टोके सांगावी, ती वापरकर्ता-क्रमांक सांगते. चालू व्हीपीएन चालविणाऱ्या अ‍ॅपलाच ती उत्तर देते. जोडणी सापडली नाही, तर उणे एक हे उत्तर येते. म्हणून विचारावयाचे ते जोडणी जिवंत असतानाच, बहुधा पहिले पॅकेट हाती येताच. या पद्धतीत एक मोठा लाभ आहे: वर सांगितलेली क्षणभंगुर जोडणी येथे निसटत नाही, कारण प्रत्येक पॅकेट हातातूनच जाते.

परंतु हातात आलेले पॅकेट पुढेही पाठवावयाचे असते, आणि खरे कष्ट येथे आहेत. साध्या अ‍ॅपला कच्ची पॅकेटे जाळ्यावर सोडण्याची मुभा नाही. म्हणून प्रत्येक जोडणी आपल्यापाशी स्वतः टीसीपी बोलून पुरी करावयाची, आणि खऱ्या सर्व्हरकडे दुसरी, स्वतःची जोडणी उघडावयाची. ही दुसरी जोडणी फिरून आपल्याच द्वारात येऊ नये म्हणून तिला वगळण्याची खूणही करावयाची. थोडक्यात, टीसीपीची एक लहान प्रतिकृती अ‍ॅपमध्ये लिहावी लागते. परिणाम मोठा चमत्कारिक होतो. अशा वेळी कर्नलची मूळ यादी कोणी पाहिली, तर बाहेर जाणाऱ्या सगळ्या जोडण्या एकाच अ‍ॅपच्या नावावर, यादी करणाऱ्याच्याच नावावर, दिसतील. शिवाय एका वेळी एकच व्हीपीएन चालू शकतो. ज्याला कचेरीच्या कामासाठी तो आधीच लागतो, त्याला हा मार्ग नाही.

येथे थोडे थांबून या व्यवस्थेकडे पाहिले पाहिजे. पत्त्यांची यादी वाचू देणे धोक्याचे, म्हणून ती बंद केली, हे योग्यच झाले. परंतु ज्या मालकाला आपल्या यंत्राची तीच यादी पाहावयाची आहे, त्याने आता एका अ‍ॅपच्या हाती सगळा प्रवाह सोपवावयाचा. दाराच्या फटीतून पाहण्यास बंदी, आणि घराची किल्ली मात्र मागून घ्यावयास मोकळीक! हा केवळ तर्काचा विनोद नाही. २०१६ मध्ये व्हीपीएनची परवानगी घेणाऱ्या २८३ अँड्रॉइड अ‍ॅपांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील १८ टक्के अ‍ॅपे प्रवाह सांकेतिक न करताच नेत होती, ७५ टक्क्यांत परक्यांची माग काढणारी साधने होती, आणि ३८ टक्क्यांत विघातक संहितेची चिन्हे आढळली. ‘ओनावो प्रोटेक्ट’ चे उदाहरण तर सर्वज्ञात आहे. माहितीचे रक्षण करणारे म्हणून हे अ‍ॅप लोकांपुढे मांडले जाई. ओनावो ही कंपनी फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली. लोक प्रतिस्पर्ध्यांची कोणती अ‍ॅपे किती वापरतात, हे जाणण्यासाठी तिच्याद्वारे मिळालेल्या माहितीचा उपयोग झाला, हे २०१८ च्या डिसेंबरात ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांवरून उघड झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते अ‍ॅपलच्या दुकानातून काढले गेले होते. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल मेटाच्या दोन उपकंपन्यांस एकूण दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

मधला मार्ग असावयास हवा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे: प्रणालीने स्वतः यादी ठेवावी, ती मालकास दाखवावी, आणि अ‍ॅपांस दाखवू नये. अ‍ॅपलने २०२१ च्या डिसेंबरात आयओएस १५.२ मध्ये ‘अ‍ॅप प्रायव्हसी रिपोर्ट’ या नावाने जवळजवळ हेच केले. कोणत्या अ‍ॅपने गेल्या सात दिवसांत कोणत्या नावांच्या सर्व्हरांशी संपर्क केला, हे मालकाने ही सोय चालू केली असता दिसते. त्यात अंकी पत्त्यांऐवजी नावे असतात, हा आणखी एक फायदा. कारण एकाच पत्त्याआड शेकडो संस्थांचे सर्व्हर असण्याच्या आजच्या काळात नुसत्या पत्त्यावरून कोणाचे संभाषण ते कळत नाही, आणि पत्त्यावरून उलट नाव शोधू गेल्यास बहुधा मालवाहकाचेच नाव मिळते. अँड्रॉइडनेही २०२१ मध्ये, आपल्या बाराव्या आवृत्तीत, मालकासाठी एक फलक दिला. त्यावर कॅमेरा, ध्वनिग्राहक व स्थान यांचा वापर दिसतो, जोडण्या नाहीत.

विभागातील संशोधकाने मग काय करावे? आपल्याच ताब्यातील यंत्राचा अभ्यास असेल, तर यंत्र संगणकास तारेने जोडून ‘एडीबी’ च्या शेलमधून यादी मागावी. शेलच्या वापरकर्त्यास नेटस्टॅट अजूनही चालविता येतो. यंत्राच्या मालकाने विकसकाची सोय उघडल्याशिवाय आणि त्या संगणकास मान्यता दिल्याशिवाय हे होत नाही, म्हणून संमतीचा प्रश्नही तेथेच सुटतो. आपल्याच अ‍ॅपच्या जोडण्या पाहावयाच्या असतील, तर कोणाच्याच परवानगीची गरज नाही: स्वतःच्या प्रक्रियेच्या ‘/प्रॉक/सेल्फ/एफडी’ या सूचीतील उघड्या क्रमांकांपैकी सॉकेट कोणते ते निवडावे, आणि प्रत्येकास ‘गेटसॉकनेम’ व ‘गेटपीअरनेम’ या क्रियांनी त्याची दोन टोके विचारावी. परक्या ग्रंथालयांचे तुकडे जोडून अ‍ॅप बनविणाऱ्यांस हा प्रयोग फार उद्बोधक होतो. आपण न लिहिलेल्या जोडण्या आपल्याच घरात निघतात. आणि केवळ कोणत्या अ‍ॅपने किती बाइट वापरले एवढेच हवे असेल, तर ‘नेटवर्क स्टॅट्स मॅनेजर’ पुरेसा आहे. त्यासाठी मालकाने सेटिंग्जमध्ये जाऊन आपल्या हाताने परवानगी द्यावी लागते, आणि त्यात समोरचा पत्ता मुळीच नसतो.

या साऱ्या विवेचनात जोडणी म्हणजे चौकडी, हे आपण आरंभापासून धरून चाललो. ते गृहीतही आता ढिले झाले आहे. २०२१ च्या मे महिन्यात ‘आरएफसी ९०००’ ने प्रमाणित केलेला ‘क्विक’ हा प्रोटोकॉल यूडीपीवर चालतो, आणि त्याच्यावर २०२२ मध्ये एचटीटीपीची तिसरी आवृत्ती उभी राहिली. क्विकची जोडणी कर्नलच्या कोष्टकात केवळ यूडीपीचे एक सॉकेट म्हणून दिसते. तिच्या अवस्था कर्नलला ठाऊक नसतात, त्या अ‍ॅपच्या पोटात असतात. शिवाय ती चौकडीने ओळखली जात नाही. तिला स्वतःचा असा जोडणी-क्रमांक असतो. वाचक घरातून बाहेर पडला आणि त्याचा भ्रमणध्वनी वाय-फाय सोडून मोबाइल सेवेच्या जाळ्यावर गेला, तर पत्ता बदलतो, पोर्टही बदलतो, पण क्विकची जोडणी तीच राहू शकते. यादीत मात्र एक ओळ पुसली जाते व तिच्या जागी दुसरी येते. आणि त्या दोन ओळी एकाच संभाषणाच्या आहेत, हे त्या यादीतील कोणत्याही स्तंभात लिहिलेले नसते.